दोन काठ्यांचं खातं

बँकेतून निवृत्त झाले तेव्हा शाखेतल्या मंडळींनी शाल-श्रीफळाबरोबर ट्रेकिंगच्या दोन काठ्या दिल्या. निरोपाच्या भाषणात एकजण म्हणाला, "मॅडम आता गड सर करणार," आणि सगळे हसले. माझा गुडघा कुरकुरायला लागल्याची बातमी तोवर काउंटरपासून कॅश केबिनपर्यंत पोचलेली होती. काठ्या बघून घरच्यांनीही ओळखलं, या आता दाराआड छत्र्यांशेजारी उभ्या राहणार.

काठ्या मात्र दणकट होत्या. एकात एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या, पिळून घट्ट करायच्या. धक्का बसू नये म्हणून आत स्प्रिंग. जाड रबरी मूठ, मनगटात अडकवायला गाद्या शिवलेला रुंद पट्टा, आणि टोकाशी बर्फात रुतू नये म्हणून बशीएवढी प्लास्टिकची चकती. पुण्यात राहणाऱ्या बाईला बर्फाची चकती! स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक काठी ३१० ग्रॅम भरली.

त्याच काठ्या मी अजून वापरते आणि आता त्या प्रत्येकी २०८ ग्रॅम आहेत. हे वजन उतरलं ते काही माणसांच्या हातून. त्यांतल्या एकालाच ट्रेकिंगचा नाद होता. बाकीच्यांनी असली काठी घेऊन डोंगर चढलेला नाही, पण ओझं कशाला म्हणतात हे काठ्या विकणाऱ्या दुकानदारापेक्षा त्यांना चांगलं ठाऊक होतं. माझं अर्धं आयुष्य कर्जखात्यांवर गेलं. देणं कागदावर उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिली नोंद फिजिओथेरपिस्ट डॉक्टरबाईंची, आणि ती आटोपशीरच आहे, कारण त्यांची फी मी रीतसर भरलेली आहे. "डोंगर बंद का करू?" असं मी रडवेल्या आवाजात विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चढा हो खुशाल. उतरताना जपा. आणि काठ्या दोन घ्या, एक नको." साल्झबर्गच्या संशोधकांनी १९९९ साली उतारावर काठ्यांसह आणि काठ्यांशिवाय चालणाऱ्यांच्या गुडघ्यांवरचा भार मोजला होता. काठ्यांमुळे तो २५ टक्क्यांपर्यंत कमी होतो असं दिसलं. हे त्यांनीच सांगितलं. काठीची उंचीही त्यांनीच तिथल्या तिथे मोजून दिली: सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी, उतरताना आणखी पाच-दहा सेंटिमीटर लांब. माझी उंची पाच फूट. म्हणजे सपाटीला १०५, उताराला फार तर ११५. काठी मात्र १३५ पर्यंत लांबायची. वरचे वीस सेंटिमीटर मी कुणा उंच माणसासाठी वाहून नेत होते.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, अण्णांच्या आलं. अण्णा आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपातले ज्येष्ठ. पोस्टातून निवृत्त झालेले, आणि वजनाचं वेड बहुधा तिथलंच. पाणी, शिधा आणि इंधन सोडून सॅक साडेचार किलोंच्या आत बसली पाहिजे, हा त्यांचा दंडक. टूथब्रशची अर्धी दांडी कापलेली, टॉवेलऐवजी जुन्या धोतराचा तुकडा. आम्ही हसायचो, मग ते एमा गेटवूडची गोष्ट काढायचे. १९५५ साली ६७ वर्षांची ही आजीबाई अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब ॲपलाचियन ट्रेल एकटीनं, एका दमात चालून गेली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. "आणि तुम्हाला तीन-तीन जॅकिटं लागतात!" हे वाक्य ठरलेलं.

अण्णांनी माझी काठी बोटावर आडवी तोलून धरली. काठी टोकाकडे कलली. "बघा," ते म्हणाले, "ही जड नाही, पायजड आहे." त्यांचं म्हणणं असं की सॅकमधलं वजन पाठीवर एकदा चढवलं की चढवलं. काठी मात्र पावलागणिक उचलून पुढे फेकायची असते, आणि मनगट धरून ती झुलते. म्हणून टोकाकडचा ग्रॅमभर मुठीकडच्या तीन ग्रॅमांना भारी पडतो. पाठीवरचे दोनशे ग्रॅम दिवसभरात विसरायला होतात, टोकावरचे वीस संध्याकाळी खांद्याला आठवतात. बर्फाची चकती त्यांनी तिथेच पिळून काढली आणि भातखाचरातल्या चिखलासाठी नाण्याहून थोडी मोठी चकती बसवली. बारा ग्रॅम गेले.

मग मी कार्बनच्या काठ्या का घेत नाही, हा प्रश्न दुकानात गेलं की हमखास येतो. कार्बन हलकं, शंका नाही. पण कार्बनची नळी उभा भार सोसते. दोन धोंड्यांच्या फटीत टोक अडकून आडवा झटका बसला, आणि त्यातून नळीवर आधीच ओरखडा असला, तर ती कटकन मोडते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत एकाची मोडलेली अण्णांनी पाहिली होती. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर तर टोक अडकायला पावलोपावली भोकं. ॲल्युमिनियम वाकतं. वाकलेली काठी गुडघ्यावर दाबून सरळ होते आणि एसटीच्या थांब्यापर्यंत नेते. सह्याद्रीत ॲल्युमिनियमच, हे अण्णांचं मत होतं आणि आता माझंही आहे. सपाट, मळलेल्या वाटांवर चालणाऱ्यांनी कार्बन जरूर घ्यावं.

अण्णांनी काय कापायचं ते सांगितलं. कापणार कोण?

भोसरीत एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड होती. एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि भिंतीवर विठ्ठलाचं कॅलेंडर. मिस्त्री मूळचे कराडकडचे. दुसऱ्याच्या कारखान्यात टर्नर म्हणून राबून झाल्यावर त्यांना स्वतःचा सेकंडहँड लेथ घ्यायचा होता आणि ते आमच्या शाखेत कर्ज मागायला आले होते. जामीनदार मिळेना, कागद अपुरे, म्हणून प्रकरण बाजूला पडलेलं. मी शेड बघायला गेले. त्यांनी उसन्या मशीनवर घासलेली एक पिन हातात दिली आणि मायक्रोमीटर पुढे केला. मापात रेसभर फरक नव्हता. मी अहवालात अनुकूल शेरा लिहिला. ती माझी नोकरी होती, पगार मिळत होता. त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही, खातं वेळेआधी बंद केलं. एवढाच आमचा संबंध.

काठ्या घेऊन मी शेडमध्ये गेले तेव्हा त्यांनी त्या उघडझाप करून पाहिल्या, कानाशी धरून हलवल्या. स्प्रिंग वाजली. "मॅडम, ह्यो स्प्रिंग कशाला हाय?" धक्का बसू नये म्हणून, मी सांगितलं. त्यांनी टोक फरशीवर टेकवून मुठीवर जोर दिला. काठी आत दबली, मग वर आली. "तुम्ही जोर लावता तेव्हा ही खाली जाती. म्हणजे तुमचा जोर हिनंच खाल्ला की. आधार पायजे का पाळणा?" एवढ्या नेमक्या शब्दांत धक्काशोषक काठ्यांचं परीक्षण मी पुढे कुठे वाचलं नाही. स्प्रिंग बाहेर आली. तिच्या जागी नायलॉनचा रॉड घासून तेवढ्याच लांबीचा पोकळ तुकडा बसला. बावीस ग्रॅम.

नळ्या कापण्याचं काम मी स्टुलावर बसून पाहिलं. खालची नळी चौदा मिलिमीटर व्यासाची, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. असली नळी चकात धरून आवळली तर चेपते. म्हणून मिस्त्रींनी आधी आतून नायलॉनची खुंटी सारली, बाहेरून जुन्या पोस्टकार्डाची पट्टी गुंडाळली आणि मग चकाचे तीन जबडे हलक्या हातानं आवळले. कापायचं ते टोकाकडून नव्हे, आत सरकणाऱ्या बाजूनं, कारण टोकाला कार्बाइडची अणी बसवलेली असते आणि तिला हात लावायचा नसतो. आतल्या बाजूचा, पिळल्यावर फुगणारा प्लास्टिकचा घट्टा त्यांनी आधीच गरम पाण्यात बुडवून सोडवून घेतला होता. लेथ सुरू झाला. एका हातानं पार्टिंग टूल पुढे, दुसऱ्या हातातल्या ब्रशनं रॉकेलचे थेंब. ॲल्युमिनियम कापताना रॉकेल सोडलं नाही तर ते टूलला चिकटतं. चांदीच्या केसासारखा कीस सुटत गेला आणि तुकडा टक्कन ट्रेमध्ये पडला. मग तिकोनी कानस घेऊन आतली कड त्यांनी बराच वेळ घासली. मला वाटलं झालं आता, तर म्हणाले, "कड राहिली तर घट्टा कापत जाईल. मग काठी तुम्हाला कड्यावर सोडंल. घाई कुणाला हाय?"

कापलेला तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. दहा सेंटिमीटर, अकरा-साडेअकरा ग्रॅम भरेल, असं वजन करण्याआधी सांगितलं. घरी काट्यावर तेवढंच भरलं. मधल्या सोळाच्या नळीचा तुकडा तेरा ग्रॅम. नळी कापली की 'याच्या वर ओढू नका' ही कंपनीची खूण निकामी होते. किमान किती नळी आत राहिली पाहिजे ते मोजून नवी खूण करायला हवी. टूलनं ओरखडा मारायला ते तयार होईनात, ओरखड्यापाशी नळी मोडते म्हणून. माझ्या पर्समधल्या नेलपॉलिशनं लाल रेघ मारली. ती अजून टिकून आहे.

पैसे विचारले तर, "ह्याचं बिल नाय होत मॅडम." मी आग्रह केला. ते कॅलेंडरकडे बघत राहिले. मग लेथवर हात ठेवून म्हणाले, "ह्याच्यावर पोरीचं लग्न झालं, पोरगा डिप्लोमा झाला. आता मी तुमच्याकडनं दोन नळ्या कापायचे पैसे घेऊ?" थकबाकीदाराकडून वसुली कशी करायची याचं प्रशिक्षण बँकेनं मला दिलं होतं. घेणेकरीच घ्यायला तयार नसेल तर काय करायचं, ते कुठल्या परिपत्रकात नव्हतं. नंतर दिवाळीला मी फराळ पाठवत राहिले, ते कराडहून गूळ पाठवत राहिले, आणि माझ्याकडची बाकी दरवर्षी वाढतच गेली. आता ते गावी असतात. शेड त्यांच्या शागिर्दाकडे आहे आणि तो सुदैवानं पैसे घेतो.

मुठीचं काम सायकलच्या दुकानात झालं. रबरी मूठ ब्लेडनं कापून काढली. हँडलची फोमची मूठ त्या नळीला सैल होती, म्हणून खाली बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळली. आता घट्ट झालेला फोम वर चढेना. दुकानातल्या पोरानं पंक्चरसाठीच्या कॉम्प्रेसरचं नोझल मुठीच्या कडेखाली सारून हवा सोडली आणि मूठ सरकन जागेवर गेली. पाच सेकंदांचं काम. त्याच ग्रिपचा पट्टा मी मुठीखाली वीतभर गुंडाळून घेतला. डोंगराच्या कुशीतून आडवं जाताना चढाकडचा हात तिथे धरायचा, म्हणजे काठी आखूड करायला थांबावं लागत नाही. पावसात घामट रबरापेक्षा फोम बराच बरा. चौतीस ग्रॅम गेले.

गादीचा पट्टा मंडईजवळच्या चप्पल शिवणाऱ्या दादांनी उसवून सॅकला लावतात तसली बारीक नायलॉनची पट्टी शिवून दिली. परदेशातले हलकं चालणारे बरेचजण पट्टा साफ कापून टाकतात. मला ते पटत नाही. हात खालून वर घालून पट्टा आणि मूठ एकत्र धरली तर चढावर भार मनगट घेतं, बोटं आवळावी लागत नाहीत. संध्याकाळी वाटी धरताना हा फरक कळतो.

उतारावर त्याच पट्ट्याचं काय करायचं, हे मला मोहरी गावच्या मावशींनी शिकवलं.

राजगड-तोरणा-रायगड या वाटेवर मोहरी लागतं. तिथून पुढे बोराट्याची नाळ लिंगाण्याच्या सुळक्याच्या अंगाला उतरते. नाळ म्हणजे मोठमोठे धोंडे, त्यांच्यामध्ये घसारा, आणि अंगावर येणारा उतार. मुक्कामाला ज्यांच्या पडवीत होतो त्या मावशी सकाळी नाळेच्या तोंडापर्यंत आमच्याबरोबर आल्या. त्यांच्या हातात मानवेलीची काठी होती. मानवेल म्हणजे जवळजवळ भरीव वेळू. कोयत्यानं तासलेली, खाली पेर शाबूत ठेवलेलं, म्हणजे आपटून फुटत नाही. त्यांनी माझी एक काठी मागून घेतली, उलटी करून पाहिली, हातात झुलवली. "हलकी हाय," एवढाच शेरा. मिस्त्रींना हे ऐकवायला हवं होतं.

मी पट्ट्यात हात घालून उतरायला वळले, तर त्यांनी दंडाला धरलं. "हात बांधून उतरती व्हय?"

मी पट्ट्याचा उपयोग सांगायला लागले. त्या ऐकून घेईनात. "पडलीस तर हात कुटं टाकशील? काठी दगडात आडकली तर ती हिकडं, तू तिकडं." मग स्वतः चार धोंडे उतरून दाखवलं. काठी पुढे, मग पाय. काठी ज्या धोंड्यावर टेकली त्याला आधी जरासं ढोसलं. तो हलला, तर पाय दुसरीकडे. "समदं वझं काठीवर टाकू नगं. तिला नुसतं इचारायचं, दगुड हलतोय का. वझं पायावरच ऱ्हाऊ दे."

बर्फावर घसरणाऱ्यांचा अंगठा याच पट्ट्यापायी मुरगळतो, असं मी नंतर वाचलं. मावशींना ते वाचायची गरज नव्हती. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन असल्या वाटा त्यांनी उतरलेल्या होत्या. दुसरी काठी त्यांना देऊ केली तर हसल्या. "मला एकच हात रिकामा असतुया. दुसरा मोळीला." दोन काठ्यांची चैन डोक्यावर काही नसलेल्यांसाठी आहे, हे मी तोवर कुठल्याच माहितीपत्रकात वाचलेलं नव्हतं.

त्या दिवशी नाळ उतरताना मनगटं मोकळी ठेवली. मध्येच माझ्या डाव्या काठीचं टोक खरोखरच धोंड्याखाली गेलं. मी मूठ सोडून दिली, काठी तिथेच उभी राहिली, मी वळून काढून घेतली. बाकी काही झालं नाही. गुडघ्यानंही दुसऱ्या दिवशी फारसं काही म्हटलं नाही.

काठ्यांनी पुढे आणखी एक काम पत्करलं. अण्णांच्या सल्ल्यानं मी तंबू विकून टाकला आणि ताडपत्रीसारखं, पण पातळ कापड घेतलं. मुक्कामाला दोन काठ्या दोन टोकांना उभ्या केल्या, दोऱ्या ताणल्या की घर तयार. तंबूचे दांडे वाचले. चप्पलवाल्या दादांनीच कापडाला आयलेट ठोकून दिले, काठीची अणी त्यात बसते. काठीच्या मधल्या नळीवर चिकटपट्टीचे दहा-बारा वेढे गुंडाळलेले असतात, फाटलेल्या सॅकपासून सुटलेल्या बुटाच्या तळव्यापर्यंत सगळ्याला उपयोगी. अख्खं रीळ वाहायला नको.

मोहरीला मी नंतरही जात राहिले. मावशींना जेवणाच्या पैशांव्यतिरिक्त काही दिलेलं चालत नाही. एकदा मात्र माझ्या काठीच्या टोकावरचं रबरी बूच त्यांनी निरखून पाहिलं. कार्बाइडची अणी बेसाल्टवर आणि शेवाळावर छान धरते, पण गडाच्या घडीव पायऱ्यांवर ओरखडे काढते आणि गावातल्या फरशीवर टकटक करते. म्हणून तिथे मी मेडिकलच्या दुकानात कुबडीसाठी मिळतं ते रबर अणीवर चढवते. मावशी म्हणाल्या, "आमच्या म्हाताऱ्याच्या काठीला असलं मिळंल? सारवलेल्यावर घसरतीया." पुढच्या खेपेला घेऊन गेले. ते बघून शेजारच्या दोन घरांतल्या म्हाताऱ्यांनीही मागितलं. रबर झिजतं, वर्ष-दीड वर्षात बदलावं लागतं, आणि ते मिळायला वाडीवरून बरंच खाली उतरून बाजाराच्या गावापर्यंत जावं लागतं.

तेव्हा त्या बाजूच्या घाटवाटांना कुणी जाणार असेल तर एक करा. निघण्याआधी मेडिकलच्या दुकानातून चालायच्या काठीची चार-सहा रबरी बुचं घ्या. एकोणीस मिलिमीटरची घ्या, वेळूच्या काठीचं टोक जरा तासलं की तीच बसतात. सॅकमध्ये त्यांचं ओझं होत नाही, आणि मुक्कामाच्या घरी म्हातारं माणूस हमखास असतं.